व्हरांडा आत, शाळा बाहेर

खैरडोह नगरपरिषदेच्या जकात नाक्यावर नत्थूजी गजघाटे सव्वीस वर्षं बसले आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी पावतीवरचा एकही रकाना कोरा सोडला नाही. नगरपरिषदेला ही गोष्ट गुण म्हणून कधी कळली नाही. उपद्रव म्हणून मात्र पुढे चांगलीच कळली.

बाकीचे नाकेदार मालाचं नाव आणि रक्कम टाकून पावती फाडत नि मोकळे होत. नत्थूजी तारीख लिहीत, वार लिहीत, गाडीचा नंबर, हाकणाऱ्याचं नाव, माल, वजन आणि सगळ्यात खाली, जिथे कुणी ढुंकूनही पाहत नसे तिथे, 'नाक्याचे ठिकाण'. अक्षर असं की पावती फेकायला जीव होऊ नये. मागे गाड्यांची रांग लागे. भिवापूरची मिरची आणणारा एखादा व्यापारी आपल्याच मालाने शिंकून बेजार झालेला असे. "आटपा ना जी नत्थूजी, जीव जाऊन राहिला माह्या!" तो म्हणे. नत्थूजी मान वर न करता म्हणत, "रकाना कायले ठेवला असंन सरकारनं? भराले ठेवला."

हे अक्षर त्यांनी व्हरांड्यात कमावलं होतं. ते लहान होते तेव्हा खैरडोहच्या शाळेत महाराच्या पोराला वर्गात बसायला जागा नव्हती. वर्ग लहान पडे म्हणत. पावसाळ्यात मालगुजाराची घोडी मात्र त्याच वर्गात बांधत आणि तिला तो अगदी प्रशस्त होई. नत्थूजी चार वर्षं बाहेर व्हरांड्यात बसले. तिथून दाराच्या चौकटीतून फळ्याचा डावा अर्धा भाग दिसे, म्हणजे गणित दिसे आणि उत्तर दिसत नसे. ते कान देऊन ऐकत, पाटीवर लिहीत आणि उत्तर आपलं आपण काढत. गुरुजींनी चौथीचा दाखला दिला तोही दारातूनच, लांबून, व्हरांड्यात टाकून. त्या दाखल्यावर पुढे नाक्याची नोकरी लागली आणि सर्व्हिस बुकात पहिल्याच पानावर 'शिक्षण : चौथी पास' अशी नोंद झाली. छप्पन साली ते सुभद्राबाईंना घेऊन नागपूरला गेले, पांढरे कपडे घालून लाखो माणसांत उभे राहिले आणि बौद्ध होऊन टेंभरटोलीला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते नाक्यावर हजर होते, आणि आदल्या दिवशीच्या रजेचं कारण त्यांनी रकान्यात पूर्ण लिहिलं होतं.

टेंभरटोली म्हणजे खैरडोहपासून अडीच मैलांवर, सावनेरच्या रस्त्याला लागून असलेली दीडशे घरांची वस्ती. तिथे जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन खोल्या, वर टिनं, पुढे व्हरांडा, एकसष्ट पोरं आणि त्या सगळ्यांना पुरून उरणाऱ्या एकट्या प्रेमिलाबाई मास्तरीण. नत्थूजींची नात शामला तिसरीत होती. तिला सगळे पाढे येत आणि ते ती न विचारता म्हणून दाखवी.

चौऱ्याहत्तर साली खैरडोह नगरपरिषदेला मोठं व्हावंसं वाटू लागलं. लोकसंख्या वाढली की दर्जा वाढतो, दर्जा वाढला की अनुदान वाढतं आणि अनुदान वाढलं की काय काय वाढतं हे अध्यक्ष मनोहररावांच्या पोटाकडे पाहून कुणालाही सांगता आलं असतं. तेव्हा टेंभरटोली हद्दीत घ्यायची असं ठरलं. टेंभरटोलीच्या अलीकडे मनोहररावांची संत्र्याची बाग होती. ती योगायोगाने हद्दीत येत होती आणि योगायोगानेच तिचे प्लॉट पडायचे होते. झाडांना कोळशीचा रोग लागला आहे, ती काढलेलीच बरी, असं मनोहरराव दोन वर्षांपासून हळहळून सांगत होते.

अडचण एकच होती, शाळा. ती हद्दीत आली तर तिचा पगार, तिची टिनं, तिचा खडू, सगळं नगरपरिषदेच्या बोकांडी बसणार. यावर तोड काढली दत्तोपंत वकिलांनी. ते शिक्षण समितीचे सभापती होते आणि शिक्षणाची त्यांना इतकी कळकळ की स्वतःची तिन्ही मुलं त्यांनी खैरडोहच्या शाळांपासून दूर नागपुरात ठेवली होती. त्यांनी नकाशावर पेन्सिल ठेवली आणि हद्दीची रेषा ओढली. रेषेने बाग घेतली, घरं घेतली, विहीर घेतली, स्मशानसुद्धा घेतलं, आणि ताटातलं कारलं चुकवून घास घ्यावा तशी ती शाळेला वळसा घालून पुढे निघून गेली. ठराव अकरा मिनिटांत एकमताने मंजूर झाला. त्यातली सहा मिनिटं चिवड्यात गेली.

झालं. गाव शहरात गेलं आणि शाळा अधांतरी राहिली. जिल्हा परिषदेने कळवलं की टेंभरटोली आता नगरपरिषदेत गेली, सबब शाळा आमची नाही. नगरपरिषदेने कळवलं की शाळेच्या जमिनीचा खसरा नंबर आमच्या हद्दीत नाही, सबब शाळा आमची नाही. 'सबब' या एका शब्दावर दोन्ही कचेऱ्यांचं एकमत होतं. प्रेमिलाबाईंची बदली कुहीला झाली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू द्या म्हणून त्यांनी अर्ज केला आणि तो चुकून कुणीतरी वाचला, म्हणून त्या थांबल्या. दिवाळीला शाळेला कुलूप लागणार होतं.

"मंग आपली शामला कोठी जाईन जी?" सुभद्राबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं.

"खैरडोहले."

"त्या रस्त्यानं? कोळशाचे ट्रक कसे येऊन राहिले, दिसत नाही का तुमाले? मागल्या महिन्यात देवरावची म्हैस गेली. म्हैस दिसत नाही त्याइले, तं पोट्टी दिसंन?"

"मी काय करू वं? मी नाक्यावरचा माणूस."

"तुमी नगरपरिषदेत नाही का?"

"नगरपरिषद माह्यात नाही," नत्थूजी म्हणाले आणि हात धुवायला उठले. भाकरी अर्धी राहिली होती. सुभद्राबाईंनी ती झाकून ठेवली.

आता हद्द पुढे सरकली म्हणजे नाकाही पुढे सरकायला हवा. नव्या नाक्यासाठी शेड मंजूर होती, पण तिचा पैसा स्वागत कमानीला लागला. ही कमान टेंभरटोलीच्या तोंडाशी उभी राहिली. तिच्यावर 'खैरडोह नगरपरिषद आपले सहर्ष स्वागत करीत आहे' असं लिहिलं होतं आणि त्याच्या दुप्पट अक्षरात मनोहररावांचं नाव होतं. कमानीखाली सावली कमानीपुरतीच पडे. तिथे टेबल टाकून जकात घेणं शक्य नव्हतं.

पुन्हा दत्तोपंतच धावून आले. "शाळेचा व्हरांडा रस्त्यालाच लागून आहे की! टिनाचा, ऐसपैस. नाका तिथे बसवा. व्हरांड्याला पगार द्यावा लागत नाही."

हुकूम निघाला. मनोहरराव सही करत ती कारकुनाने पेन्सिलीची फुली मारलेल्या जागी, आणि फुलीच्या वर काय लिहिलंय यात नाक खुपसणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. हुकूम नत्थूजींनी मात्र वाचला. वाचून ते मुख्याधिकाऱ्यांकडे गेले.

"साहेब, शाळा हद्दीच्या बाहेर आहे. जकात तं हद्दीतच घेता येते."

साहेब फायलीतून वर न पाहता म्हणाले, "नत्थूजी, तुम्ही नाका पाहा. हद्द आम्ही पाहतो."

नत्थूजींनी टेबल, पावतीपुस्तकं, कंदील आणि आडव्या बांबूचं फाटक उचललं आणि नाका शाळेच्या व्हरांड्यात नेला. पन्नास वर्षांनी ते पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात बसले. समोर रस्ता, पाठीमागे दार. दारातून प्रेमिलाबाईंचा आवाज येई, पोरांचा गलका येई, आणि ट्रक नसला की नत्थूजी नकळत मान वळवून आत पाहत. फळा अर्धाच दिसे. डावा. ते पुन्हा तोंड रस्त्याकडे करत. एकदा मात्र त्यांनी तेवढ्या अर्ध्या फळ्यावरचं गणित पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर सोडवलं आणि नंतर कुणी पाहिलं की काय म्हणून घाईने खोडून टाकलं.

चार महिने नाका चालला. रोज तीस-चाळीस पावत्या फाटल्या आणि प्रत्येक पावतीवर शेवटच्या रकान्यात सुरेख अक्षरात लिहिलं गेलं : 'टेंभरटोली शाळा, व्हरांडा'.

या पावत्यांतल्या बऱ्याच मधुकररावांच्या होत्या. खैरडोहात त्यांचा कोळशाचा टाल, म्हणजे वखार, होता. रोज दोन ट्रक माल सावनेरकडून येई आणि रोज जकात देताना त्यांना बरगडी काढून दिल्यासारखं वाटे. एका दुपारी त्यांचा ट्रक नाक्यासमोरच पंक्चर झाला. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मधुकररावांनी पावती वाचली. शेवटपर्यंत वाचली. मग ते गप्प झाले, आणि मधुकरराव गप्प झाले की खैरडोहात कुणाचं तरी नुकसान ठरलेलं असे.

कारण मनोहररावांच्या बागेतला एक प्लॉट त्यांनी नुकताच घेतला होता आणि त्याच्या कागदांबरोबर नव्या हद्दीचा नकाशा त्यांना मिळाला होता. घरी जाऊन त्यांनी तो पसरला. शाळा रेषेच्या बाहेर होती. आठवडाभरात नागपूरच्या वकिलाची नोटीस नगरपरिषदेवर येऊन आदळली. हद्दीबाहेर बसून चार महिने घेतलेली जकात बेकायदा आहे, ती सगळी परत करा, नाहीतर कोर्टात भेटू. सोबत चार महिन्यांच्या पावत्यांच्या नकला जोडल्या होत्या. मुख्याधिकारी साहेबांनी एक नक्कल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "इतकं सविस्तर कशाला लिहायचं असतं पण?"

खास सभा बोलावली गेली. मधुकरराव आणि त्यांचे नागपूरचे वकील प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसले. नत्थूजींना साक्षीसाठी बोलावलं होतं. ते टोपी हातात धरून भिंतीशी उभे राहिले. बसा असं कुणी म्हटलं नाही आणि तेही म्हटल्याशिवाय बसणारे नव्हते.

"शाळा हद्दीत घेतली तर नोटीस मरते," मनोहरराव कण्हल्यासारखे म्हणाले, "पण शाळा उरावर बसते. एकसष्ट पोट्टे गा, दत्तोपंत!"

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. असा चष्मा पुसला की ते काहीतरी अलौकिक बोलत. "शाळा कशाला घ्यायची? नाका कुठे होता? व्हरांड्यात. मग व्हरांडा तेवढा घेऊ. पंचवीस फूट बाय सहा फूट. नकाशा काढताना पेन्सिल घसरली होती, ती दुरुस्त केली, एवढंच. व्हरांडा पहिल्यापासून हद्दीत होता. शाळा नव्हती."

मग मनोहररावांनी टेबलावर थाप मारली. "वा गा वकीलसाहेब! व्हरांडा आत, शाळा बाहेर!"

सगळे हसले. मुख्याधिकारी हसले. चिवड्याची बशी घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. भिंतीशी उभे असलेले नत्थूजी मात्र हसले नाहीत. ही व्यवस्था त्यांच्या ओळखीची होती. फक्त तेव्हा शाळा आत होती आणि व्हरांडा बाहेर.

दत्तोपंतांनी एक कागद पुढे सरकवला. "नत्थूजी, इथे सही करा. तुमचं निवेदन आहे. नाका व्हरांड्यात होता, आणि व्हरांडा हा शाळेचा भाग नाही, त्याचा शाळेशी काही संबंध नाही. बस्स. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे."

नत्थूजींनी कागद घेतला आणि ते वाचू लागले. सभेला ताटकळण्याची सवय नव्हती.

"वाचून काय राहिले गा?" मनोहरराव म्हणाले. "सही करा आन् जा. नाहीतं सरळ आहे, नाका चुकीच्या जागी लावला कोणं? तुमी. आजच सस्पेंड करतो. दीड वर्स राह्यलं ना तुमचं? फंड अडकंन, बुढी उपाशी मरंन."

नत्थूजी घाबरले. खोटं कशाला सांगायचं, चांगलेच घाबरले. सुभद्राबाई डोळ्यांसमोर आल्या, घरावरची गळकी कवेलू आली, त्या फंडाच्या भरवशावर ठरवलेली प्रत्येक गोष्ट आली. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. नि मग पुन्हा ती ओळ दिसली : 'व्हरांडा हा शाळेचा भाग नाही.' चार वर्षं आठवली. दगडी फरशी आठवली, डिसेंबरात ती कशी पायांना चावायची ते आठवलं, अर्धा फळा आठवला. त्यांना राग आला. छप्पन वर्षांच्या आयुष्यात इतका राग त्यांना पहिल्यांदाच आला होता आणि तो कसा करायचा असतो हे ठाऊक नसल्यामुळे ते अगदी हळू बोलले.

"साहेब, ह्या कागदावर मले सही नाही करता येत."

"काहून?" मनोहररावांनी विचारलं.

"व्हरांडा शाळा नसंन, तं मी शिकलोच नाही."

"म्हणजे?" दत्तोपंत म्हणाले.

"मी चार वर्स व्हरांड्यातच बसलो जी. आत घेतच नव्हते आमाले. तुमच्या वडलाईले माहीत असंन, तेच होते तवा शाळा कमिटीवर. माह्या दाखला व्हरांड्यातला आहे. आता तुमी लिहून मागता का व्हरांड्याचा शाळेशी संबंध नाही. मंग माह्या दाखला खोटा. चौथी पास नाही तो नाकेदार कसा होईन? नेमणूक खोटी. मंग सव्वीस वर्स मी फाडल्या त्या पावत्या..."

ते थांबले. पुढचं बोलायची गरज उरली नव्हती, कारण प्रेक्षकांच्या बाकावर नागपूरचे वकील ताठ बसले होते आणि त्यांनी वही उघडली होती. "सव्वीस वर्षं?" त्यांनी अतिशय गोड आवाजात विचारलं. "एकोणीसशे अठ्ठेचाळीसपासून का? सगळ्याच नाक्यांवर होते का आपण?"

"समद्याच," नत्थूजी म्हणाले. "आन् एकही रकाना कोरा नाही."

मनोहररावांनी बशी बाजूला सारली. चिवडा त्यांनी पाण्याने खाली ढकलला. सव्वीस वर्षांची जकात म्हणजे नगरपरिषदेची इमारत, रस्ते, दिवे, कमान आणि कमानीवरची अक्षरं. दत्तोपंतांना या युक्तिवादातली भोकं दिसत होती, नाही असं नाही. पण नागपूरच्या वकिलाला ती आपल्याआधी दिसतील की नंतर, याची खात्री त्यांना वाटेना. त्यांनी दोनदा चष्मा पुसला, पण या खेपेला अलौकिक काही निघेना.

"व्हरांडा हा शाळेचाच भाग असतो," शेवटी ते म्हणाले. "हे तर शेंबडं पोरही सांगेल."

त्या दिवशी ठराव झाला की नकाशा काढताना पेन्सिल घसरली होती, आणि टेंभरटोलीची शाळा, व्हरांडा, पटांगण आणि निंबाचं झाड हे सर्व पहिल्यापासून हद्दीतच होतं. मास्तरणीचा पगार आणि शाळेचा खर्च नगरपरिषद देईल. ठराव एकमताने मंजूर झाला. नागपूरच्या कचेरीतून मंजुरी तीन आठवड्यांत आली. प्रश्न जकातीचा होता म्हणून. शाळेचा असता तर शामलाचं लग्न होईपर्यंत वाट पाहावी लागली असती. मधुकररावांनी नोटीस मागे घेतली आणि त्यांच्या प्लॉटशेजारचा कोपऱ्यातला प्लॉटही त्यांना सवलतीत मिळाला. हाही योगायोगच.

दिवाळीनंतर शाळेला कुलूप लागलं नाही, पाटी लागली. पाटी लावायला मनोहरराव आले. शिक्षणासाठी आपण रक्त आटवलं असं त्यांनी भाषणात सांगितलं. रक्त नेमकं कुठे आटलं ते दिसत नव्हतं, पण टाळ्या पडल्या. प्रेमिलाबाईंनी नगरपरिषदेच्या नोकरीत रुजू झाल्याचा कागद हातात घट्ट धरला होता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मनोहररावांनी ते आपल्या भाषणामुळे समजले.

नत्थूजींचं नाव भाषणात नव्हतं. ते एका लखोट्यात होतं. 'प्रशासकीय सोयीसाठी' त्यांची बदली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, गुरांच्या बाजाराच्या नाक्यावर झाली होती. घरापासून चार मैल, आणि बसायला कडुनिंबाची सावलीसुद्धा नाही. टेंभरटोलीचा नाकाही कमानीच्या पायाशी झावळ्यांच्या छपराखाली हलवला गेला. दीड वर्षासाठी इतका बंदोबस्त पुरेसा आहे, असं नगरपरिषदेला वाटलं असावं.

निघायच्या दिवशी सकाळी ते टेबल उचलायला व्हरांड्यात आले. त्यांच्या जागेवर आता प्रेमिलाबाईंनी चौथीची पोरं बसवली होती. दोन खोल्यांत एकसष्ट पोरं मावत नाहीत. नत्थूजी त्या पोरांच्या ओळीमागे थोडा वेळ उभे राहिले. एक पोरगी मान लांब करून, वाकून, दारातून फळ्याकडे पाहत होती.

"बाई," ते म्हणाले, "एक सांगू का?"

"सांगा ना जी, नत्थूजी."

"व्हरांड्यातून फळा अर्धाच दिसते. उत्तर दिसत नाही."

प्रेमिलाबाई बाहेर आल्या. त्या पोरीशेजारी उकिडव्या बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्यांनी आत पाहिलं. मग उठल्या आणि ठोकायला दगड शोधू लागल्या. दोघांनी मिळून खिळे काढले, फळा उतरवला, दारासमोरच्या भिंतीला धरला, थोडा डावीकडे, नाही, थोडा वर, असं करत ठोकला. आतून ठोकत होत्या बाई. बाहेरून सांगत होते नत्थूजी, पोरांच्या ओळीत मांडी घालून बसून. फळा पूर्ण दिसला तेव्हा त्यांनी हात वर केला. मग बाईंनी त्यावर एक भागाकार घातला आणि उत्तरापर्यंत सोडवून दाखवला. नत्थूजी तो संपेपर्यंत उठले नाहीत.

त्या दिवशी गुरांच्या बाजाराच्या नाक्यावर ते तासभर उशिरा पोचले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नगरपरिषदेने तत्परतेने खुलासा मागितला. नत्थूजींनी खुलाशाच्या छापील कागदावर नाव, हुद्दा, तारीख, वार सगळं मोत्यासारख्या अक्षरात भरलं. 'उशिराचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'शाळेत बसलो होतो.'